बदललेला स्टिअरिंग बॉक्स

त्या जुन्या जीपची केस आठवली की अजून चीड येते, आणि चीड ओसरली की वाईट वाटत राहतं. मुदतीआधीच निवृत्ती घेतली, आज अंगावर वर्दी नाही, म्हणून सरळ लिहितो.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी एसआय, म्हणजे फौजदार होतो. आवारात जप्त गाड्या सडत होत्या. त्यात दारूच्या केसमधली एक जुनी जीप. एका सकाळी मुद्देमाल तपासताना हेड कॉन्स्टेबलला दिसलं, अख्ख्या जीपवर धूळ, पण स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांवर ताजं ग्रीस. मिस्त्री बोलावून पंचनामा केला. मूळ बॉक्स गायब होता. त्याच्या जागी तसाच, पण झिजलेला दुसरा बॉक्स नीट कसून बसवलेला.

असा चोर मी पाहिला नव्हता. भंगारात विकणारा माणूस मागे काही ठेवून जात नाही. याच्याकडे त्याच मॉडेलची चालती जीप असणार. इचोड्याच्या खबऱ्याने दुपारीच सांगितलं, "बेला गावाकडचा एक जीपवाला कवाचा हाच बॉक्स हुडकून राह्यला, साहेब. कंपनीनं बनवनं बंद केलं. नागपुरातबी नाई भेटला त्याले."

भाजी पिकवणारा, पन्नाशीचा माणूस. ठाण्यात आणला तर बसायलाही तयार नाही.

"चोर हायेस का मिस्त्री रे तू?" हेड कॉन्स्टेबलने डिवचलं. "फिटिंग तं शोरूमवानी केली."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मीच नेला, साहेब."

"काऊन?" हेड कॉन्स्टेबलनेच विचारलं.

"बायकोले डायलिसिस लागते. हप्त्यातून दोनदा आदिलाबादले न्या लागते. स्टिअरिंग नुसतं हातात फिरे, गाडी भलतीकडंच जाये. तिले घेऊन नाल्यात पडलो असतो."

"मग तुझा जुना बॉक्स इथे कशाला बसवलास?" मी विचारलं.

"उघडी कशी ठेवू गाडी? मालक न्याले आला तं ढकलत तरी नेता आली पायजे त्याले."

कबुली मिळाली, माल हस्तगत झाला. कागदावर उत्तम तपास.

तपासात त्याची जीपही जप्त झाली होती; ती निकालापर्यंत ताब्यात मिळावी म्हणून मी त्याला सुपुर्दनाम्यासाठी अर्ज करायला लावला. कोर्टाने जीप परत दिली, पण नेलेला बॉक्स चोरीचा माल आणि त्याचा स्वतःचा जुना बॉक्स पुरावा. दोन्ही निकालापर्यंत ठाण्यातच. बॉक्स तरी त्याच्या ताब्यात द्या, अशी विनंती मी लेखी पाठवली. नामंजूर झाली. स्टिअरिंग बॉक्स नसलेली ती जीप ट्रॉलीवर लादून बेल्याला गेली आणि घरापुढे उभी राहिली.

बायकोला तो शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर न्यायचा, पडू नये म्हणून दुपट्ट्याने स्वतःच्या पाठीशी बांधून. नंतर तिचे पाय इतके सुजले की तिला गाडीवर बसताच येईना. प्रत्येक तारखेला तो मला एवढंच विचारायचा, "भेटन का हो साहेब बॉक्स, या तारखेले?" निकालाआधीच ती गेली.

पुढे दारूच्या केसमधल्या जीपच्या मालकाने कोर्टात तडजोड केली. "मले काय कराचं त्या बॉक्सचं? त्यालेच देऊन टाका," म्हणाला. कोर्टाच्या आदेशाने मी स्वतः तो घेऊन बेल्याला गेलो. त्याने हातही लावला नाही.

"आता कोणाले न्याचं हाये, साहेब?" तो म्हणाला. "अजून कोणाची गाडी अडली असंन. त्याले द्या."

कोणी नेला, हे मी एका दिवसात शोधलं. तो पार्ट दुकानात का मिळत नाही, हे शोधायला माझ्याकडे कोणी तपास दिला नव्हता. चालती गाडी रस्त्यावर आहे आणि कंपनी हात झटकून मोकळी. नवी घ्या म्हणतात. ही केस मला तेच शिकवून गेली, की माणूस मेला तरी त्याच्या मरणाला कलम लागतंच असं नाही.

गाडी चालते तोवर पार्ट पुरवणं कंपन्यांना भाग पाडा, जप्त गाड्यांचा वेळेत लिलाव करा म्हणजे त्यांचे पार्ट गरजूंना मिळतील, हे आता मी गावोगाव बोलत फिरतो. लोक हसतात. "साहेब, तुमी पोलीसवाले, पार्टाचं काय घेऊन बसले?" मी त्यांना त्या बाईचं सांगतो.