आप्पाने अडवलेलं विधेयक

आप्पा गेल्याचं मला करजणच्या बाजारात कळलं. भाजी तशीच टाकून बडोद्याची बस धरली आणि वाटभर त्याच्यावर चिडत राहिलो. माझ्याआधी जायचं त्याला काही कारण होतं का?

आम्ही दोघे एकाच रासायनिक कारखान्यात लागलो. मी निवृत्त होऊन घरी बसलो. तो कामगार संघटनेतून पक्षात गेला आणि पक्षाने त्याला राज्यसभेत पाठवलं. आमच्या घडियाळी पोळीतल्या, म्हणजे गल्लीतल्या, मंडळींना वाटलं, आता हा दिल्लीत झोपा काढणार. आप्पा कसला झोपतो! त्याच्याच सरकारचं एक विधेयक लोकसभेत बिनबोभाट मंजूर झालं. कारखान्यात अपघात झाला तर चौकशी मालकाच्याच माणसांनी करायची, असं कलम त्यात होतं. राज्यसभेत पक्षाचं बहुमत अगदी काठावर, एकेक मत मोलाचं. पक्षाच्या बैठकीत आप्पा उभा राहिला आणि म्हणाला, हे आधी प्रवर समितीकडे पाठवा, नाहीतर व्हिप काढलात तरी माझं मत धरू नका. पुढच्या तिकिटाचं काय, असं मी फोनवर विचारलं.

"अरे, नुसती मान डोलवायची तर नंदीबैल पाठवा ना. मी कशाला?"

विधेयक समितीकडे गेलं आणि चौकशीला बाहेरचा निरीक्षक घेऊन परत आलं. आप्पाचं तिकीट मात्र कापलं गेलं. आणि मजा बघा, पुढच्या निवडणुकीत पाणीगेटच्या सभेत पक्षाने तेच कलम आपलं म्हणून मिरवलं. माझं डोकं फिरलं, आणि हा शेजारी बसून टाळ्या वाजवतोय! "चालशे," म्हणाला, "काम झालं ना?"

मग पक्षाचे खासदारच विधेयकं घेऊन त्याच्याकडे यायला लागले. तिकीट कापणारे जयंतीभाईसुद्धा. रीत ठरलेली... हिंचक्यावर, म्हणजे घरातल्या झोपाळ्यावर, आप्पाच्या शेजारी बसून मोठ्याने वाचायचं. आप्पाने पाय टेकवून हिंचका थांबवला की ते कलम अडलं. वाचून संपेपर्यंत वहिनी चहा देत नसत.

तेराव्याला जयंतीभाई आले. हिंचक्यावर टेकले. पिशवीतून कागद डोकावत होते, ते त्यांनी ओशाळून आत सारले. वहिनी पदर सावरून शेजारी बसल्या.

"काढा ते, भाई. वाचा. पाय टेकवायला मी आहे."