लव्हॉनच्या बसमधले आम्ही

शनिवारी जुन्या शाळेचं स्नेहभोजन आहे आणि लव्हॉन हिन्रिक्स जाणार नाही म्हणते. भांडी झाली, लेक ब्रिन झोपली, तरी हे डोक्यातून जात नाही. मला सगळ्यांचीच काळजी करायची खोड आहे, असं घरात म्हणतात. पण लव्हॉन एकोणऐंशीची आहे, एकटी राहते, आणि अशी माणसं एकदा रुसून घरात बसली की बसूनच राहतात.

तिची पहिली शाळा एका खोलीची होती, मक्याच्या शेतात, आठही इयत्ता एकत्र. ती बंद पडल्यावर शेजारच्या शेतकऱ्याने तिच्यात गवत भरलं. मग लव्हॉन आमच्या हॅडलीच्या शाळेत आली आणि बास्केटबॉल खेळायला लागली. आमच्या आयोवा राज्यात तेव्हा मुलींचा संघ सहा जणींचा असे. मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. तिघी बास्केट करणार, तिघी समोरच्यांना अडवणार. लव्हॉन बास्केट करणारी, आणि वॉलबर्ग गावची डार्लीन कुचेरा तिला अडवणारी. चार हिवाळे डार्लीन तिच्यापुढे हात पसरून उभी राहिली आणि चारही वेळा हॅडली हरलं.

हॅडलीत असल्या गोष्टी कुणी विसरत नाही. मी सातवीत जाणार होते, तेव्हा पोरं कमी पडतात म्हणून आमची शाळा वॉलबर्गच्या शाळेत मिसळली. गावात सुतक असल्यासारखं झालं. तिकडे बस न्यायला कुणी तयार होईना. लव्हॉन झाली. बस तिच्याच अंगणात उभी असायची, थंडीत इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर विजेला जोडलेली.

पहिला आठवडा आम्ही वॉलबर्गच्या भोजनगृहात पाय ठेवला नाही. घरचा डबा घेऊन बाहेर पायऱ्यांवर बसायचो. हे लव्हॉनच्या कानावर गेलं. एका दुपारी ती आली, आम्हाला रांगेत उभं केलं आणि थेट वाढायच्या खिडकीशी नेलं. खिडकीत तिथली मुख्य स्वयंपाकीण उभी होती, डार्लीन कुचेरा.

"अजून आडवी उभीच का तू?" लव्हॉन म्हणाली.

"तू अजून डावीकडूनच येतेस ना, मग काय करू?"

"मला चार वर्षं उपाशी ठेवलंस. आता या पोरांना जेवू घाल."

डार्लीनने आमच्यावर नजर फिरवली. "हॅडलीची का? खायची तरी सवय असेल. जिंकायची नसली तरी."

आम्ही घुश्शातच ताटं घेतली. त्या दिवशी चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचा गोड रोल होता. शेजारच्या टेबलावर वॉलबर्गची पोरं रोल चिलीत बुडवून खात होती, अगदी आमच्यासारखीच. माझा राग तिथेच अर्धा उतरला.

पुढे लव्हॉनने आमच्या मुलांनाही नेलं. माझी ब्रिन तिच्याच बसमध्ये मोठी झाली. मधे आणखी एका गावाची शाळा मिसळली, आता शाळेच्या नावात तीन गावं आहेत. गेल्या वर्षी नजर अधू झाली आणि लव्हॉनने किल्ल्या परत केल्या.

स्नेहभोजन मात्र फक्त जुन्या हॅडली शाळेचं. दर मे महिन्यात माजी सैनिकांच्या हॉलमध्ये एकेका वर्षाची तुकडी पुकारतात, ती उभी राहते, टाळ्या होतात. नवी तुकडी येणार नाही, त्यामुळे टेबलं दरवर्षी कमी. यंदा लव्हॉनने समितीत सांगितलं, शाळा मिसळल्यानंतरच्या पोरांनाही बोलवा. अध्यक्ष डेलमार राश, तिच्याच वर्गातला.

"ती पोरं वॉलबर्गमधून पास झाली, लव्हॉन."

"सकाळी हॅडलीतून निघाली, संध्याकाळी हॅडलीत परत आली. मीच आणत होते."

"नियम आहे."

"बीजगणितात माझं बघून पास झालास, तेव्हा कुठला नियम होता रे?"

सगळे हसले, आणि तरीही नाहीच म्हणाले. लव्हॉनने दरवर्षी जेवण वाढताना बांधायचा अ‍ॅप्रन घडी करून टेबलावर ठेवला आणि ती निघून आली.

परवा मी तिच्याकडे गेले. "जा ना शनिवारी," म्हटलं.

"कशाला? थोड्या वर्षांनी डेलमार एकटाच उभा राहील आणि स्वतःच टाळ्या वाजवेल." ती हसली. मग कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून म्हणाली, "इतकी वर्षं मी तुम्हाला नक्की कुठे नेत होते ग?"

घरी येऊन ब्रिनला सांगितलं, तर ती म्हणाली, "पण आई, तुम्ही कधी त्यांना विचारलंत का, आम्ही येऊ का म्हणून?"

नव्हतं विचारलं. आम्ही बोलावण्याची वाट बघत बसलो. बोलावल्याशिवाय जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पण कुणी गरम पदार्थाचं भांडं घेऊन दारात उभं राहिलं, तर त्याला परत पाठवायचं नाही, हीसुद्धा आमच्याकडचीच रीत. डेलमार ती मोडणार नाही. त्याची आई त्याला थडग्यातून येऊन बोलेल.

लव्हॉनला उद्या काही सांगणार नाही. आम्ही हॉलमध्ये बसणार हे पक्कं झाल्यावर तिला न्यायला मीच जाईन. डेलमार पहाटेच उठतो. उद्या उठल्याबरोबर मी त्याला फोन करणार आहे आणि एवढंच सांगणार आहे, की लव्हॉनच्या बसमधले आम्ही सगळे शनिवारी जेवण घेऊन येतोय, तेव्हा टेबलं जास्तीची मांड.