काचेच्या वाटीवर गार पाणी

या सदरात लोक काय काय लिहितात ते माझी नात मला वाचून दाखवते. पांढऱ्या साडीतली बाई, उलट्या पावलांचा माणूस... मी हसतो. माझं सगळं आयुष्य मोटारींची इंजिनं उघडण्यात गेलं. बिघाड सापडला नाही म्हणजे आपण चुकीच्या जागी बघतोय, एवढाच त्याचा अर्थ, असं मी मानत आलो. भूतबीत मी तेव्हाही मानलं नाही आणि आज ऐंशी ओलांडली तरी मानत नाही. पण एका गोष्टीचं कारण मला आजपर्यंत सापडलेलं नाही. नात म्हणाली, "आजोबा, मग हसता कशाला? तुम्हीच लिहा की." म्हणून लिहितोय.

दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हाची ही गोष्ट. आम्ही दोघे भाऊ मूळचे बेळगावला लागून असलेल्या कंग्राळीचे, पण पोटापाण्यासाठी निपाणीत. माझा थोरला भाऊ अण्णा तंबाखूच्या एका व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होता आणि मी त्याच मालकांच्या गाड्यांचा मिस्त्री. अण्णाचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. शांता वहिनी वडगावच्या विणकरांची मुलगी. मी जेवायला त्यांच्याकडेच. माझ्या काळ्या हातांवरून वहिनी रोज मला छळायची. "भावजी, हात धुऊन या पुन्यांदा. भाकरीला पेट्रोलचा वास मारतोय." मी पुन्हा धुऊन यायचो, मग ताट मिळायचं.

मालकांकडे एक जुनी व्हॅन होती. मागे लाकडी डबा, पुढे दोघांना बसायला जागा. हिवाळ्यात आणि पावसाळ्यात ती निमूट चालायची. उन्हाळा लागला की तिची नाटकं सुरू. भर दुपारी चढावर इंजिन अडखळायचं, झटके द्यायचं आणि बंद पडायचं. तास-दीड तास उभी राहिली की काहीच झालं नाही अशा थाटात पुन्हा चालू व्हायची. सगळ्यात जास्त छळायची ती बेळगावच्या वाटेवर, वंटमुरीच्या घाटात.

अण्णा म्हणायचा, "बाळू, हिला उन्हात धाप लागती रं."

"अण्णा, मोटार हाय ती. म्हस न्हाय धाप लागायला," मी म्हणायचो. "तुझा पाय जड हाय, दुसरं काय न्हाय."

त्या दोन उन्हाळ्यांत मी त्या इंजिनाचं काय केलं नसेल! कार्बोरेटर चार वेळा उघडून साफ केला. प्लग बदलले, पॉइंट घासले. पण पेट्रोल तेव्हा कूपनावर मिळायचं. नुसतं तपासायला म्हणून गाडी भर उन्हात घाटापर्यंत नेऊन आणायची चैन कुणाला परवडणार? त्यामुळे मी सकाळच्या गारव्यात, शेडमध्ये गाडी चालू करून बघायचो, आणि तिथे ती अशी गोड चालायची की बोनेटवर ठेवलेला पेला हलू नये. मी हात पुसून सांगायचो — झाली दुरुस्त. दुपारी घाटात जो बिघाड होतो तो सकाळी शेडमध्ये शोधत बसलेला मी! आज कुणी असं केलं तर मी त्याला गाढव म्हणेन.

त्या वैशाखात वहिनी तापानं पडली. आठ-नऊ दिवस ताप उतरेना. एके दिवशी सकाळी निपाणीच्या डॉक्टरांनी अण्णाला बाजूला घेऊन सांगितलं की ताप डोक्यात चाललाय, आज दुपारच्या आत बेळगावला मोठ्या दवाखान्यात पोचवा, उशीर करू नका. मालकांनी लगेच व्हॅन दिली, पेट्रोलही दिलं. पण व्हॅन तंबाखू घेऊन गेली होती, ती परत येईतो दहा वाजले.

आम्ही डब्यात पेंढा आणि वाकळ घातली. अण्णानं वहिनीला उचलून आणलं. तिचा चेहरा पदरानं झाकला होता. अण्णा तिचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसला, जवळ पाण्याची भरलेली कळशी. तिच्या कपाळावर ठेवायच्या पट्ट्या तो त्यात भिजवत होता. गाडी मी चालवायला घेतली. मी तिच्याशी काही बोललो नाही. काय बोलणार?

संकेश्वर मागे पडलं, यमकनमर्डी मागे पडली. इंजिन छान चाललं होतं आणि मी मनातल्या मनात त्या चार वेळा साफ केलेल्या कार्बोरेटरची पाठ थोपटत होतो. घाटाचा चढ लागला, मी गियर उतरवला. अर्ध्या चढावर पहिला झटका बसला. मग दुसरा. मग गाडी थांबली.

उन्हाचा तो भर बाराचा ठोका. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी चाकाला दगड लावला, बोनेट उघडलं आणि पुन्हा कार्बोरेटर खोलायला घेतला. नट इतके तापले होते की बोटं भाजत होती. अण्णानं मागचं दार वाऱ्यासाठी उघडं ठेवलं होतं. तो काही विचारत नव्हता आणि त्याचाच मला जास्त त्रास होत होता.

तेवढ्यात वहिनीचा आवाज आला.

"भावजी, त्या काचंच्या वाटीवर गार पाणी घाला."

बारीक, पण अगदी स्पष्ट. पुन्हा हात धुऊन या म्हणायची ना, तोच सूर. मला वाटलं, तापात बडबडतेय. मी कामातून मान वर न काढता मोठ्यानं म्हणालो, "वहिनी, तुम्ही गप पडून ऱ्हावा. मी बघतोय."

थोड्या वेळानं पुन्हा — "भावजी, काचंच्या वाटीवर पाणी घाला. गार घाला."

मला राग आला. खरं सांगतो, राग आला. घामानं डोळे चुरचुरत होते, हात भाजले होते, आणि जिनं कधी बोनेटच्या आत डोकावलं नाही ती बाई मला इंजिन शिकवतेय! "व्हय व्हय, घालतो," असं काहीतरी बोललो आणि कार्बोरेटरच्या जेटमधली, म्हणजे त्या बारीक भोकातली, नसलेली घाण फुंकत बसलो. तिसऱ्यांदा आवाज आला नाही.

दीड तासानं गाडी आपोआप चालू झाली. मी ती जीव खाऊन हाकली. काकतीच्या अलीकडे मागच्या फळीवर थाप पडली. अण्णा म्हणाला, "बाळू, सावकाश चल. आता घाई न्हाय."

बेळगाव तिथून अगदी हाकेच्या अंतरावर होतं. आम्ही गाडी कंग्राळीला वळवली.

त्यानंतर अण्णानं स्टिअरिंगला हात लावला नाही. निपाणीची नोकरी सोडून तो कंग्राळीला शेतावर राहिला. मला एका शब्दानं दोष दिला नाही. वहिनी जे दोनदा म्हणाली त्याचाही त्यानं कधी विषय काढला नाही. मला वाटायचं, त्यानं ऐकलंय, पण माझ्या जिवाला लागेल म्हणून गिळून बसलाय. त्यामुळे मी त्याच्या नजरेला नजर देणं टाळायचो. सणासुदीलाही गावी जायचं काही ना काही निमित्तानं चुकवायचो.

पुढचा उन्हाळा. तीच व्हॅन, तंबाखूची बोदं, म्हणजे मोठाली गाठोडी, भरलेली. नवा ड्रायव्हर आजारी म्हणून मी एकटाच बेळगावला निघालो होतो. त्याच चढावर, तशाच दुपारी तिनं झटके दिले आणि थांबली. मी बोनेट उघडलं. कार्बोरेटरकडे हात गेला आणि तिथंच थांबला.

इंजिनाच्या कुशीला पेट्रोल ओढणारा पंप असतो. त्या पंपाला एक काचेची वाटी होती, पेट्रोलमधला गाळ साठायची. तिथे कधी बिघाड नसतो असं मी केव्हाच ठरवून टाकलं होतं, म्हणून गाडी थांबल्यावर त्या वाटीकडे मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. आतलं पेट्रोल उकळत होतं. खालून वर बुडबुडे नुसते, चुलीवरच्या आधणासारखे. पेट्रोलची वाफ होत होती, पंप वाफ ओढत होता आणि इंजिनाला काहीच मिळत नव्हतं. धाप म्हणायचा अण्णा.

मी गाडीतलं पिण्याच्या पाण्याचं भांडं आणलं आणि त्या वाटीवर ओतलं. चर्रर्र झालं. बुडबुडे बसले. वाटी हळूहळू पेट्रोलनं भरली. मी हँडल मारलं — दुसऱ्या फेऱ्याला इंजिन चालू!

मी तिथेच रस्त्यावर रडलो. मोठ्यानं, बाईमाणसासारखा रडलो. एक तांब्याभर पाणी. भरलेली कळशी होती आमच्याजवळ त्या दिवशी. दीड तास वाचला असता.

बोदं बेळगावात उतरवली आणि तसाच कंग्राळीला गेलो. अण्णा शेतात मोटेचा नाडा दुरुस्त करत उन्हात बसला होता. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि सगळं बोलून टाकलं. म्हणालो, "अण्णा, चूक माझी. वहिनी दोनदा सांगत हुती, काचंच्या वाटीवर पाणी घाला म्हणून. मी ऐकलं न्हाय."

अण्णाचे हात थांबले. "कोण सांगत हुतं?"

"वहिनी. घाटात. तू हुतास की मागं."

तो म्हणाला, "बाळू, तिची वाचा पहाटंच बसलीती रं. डाक्टर आलता तवा तिला बोलता येत नव्हतं, म्हणून तर त्यो घाबरला. घाटात तिचं डोस्कं माझ्या मांडीवर हुतं. ओठ बी हलला न्हाय तिचा. मी सारी वाट तिच्या तोंडाकडं बघत बसलोतो... एक शबुद बोलंल म्हणून."

"पर मी तिला उत्तर बी दिलं की, अण्णा."

"तू वरडलास तेवढं ऐकलं मी," तो म्हणाला. "वहिनी गप पडा म्हणून. मला वाटलं, उन्हानं तुझं डोस्कं फिरलंय. म्हणून मी बी काय बोललो न्हाय."

मी स्वतः त्या काचेच्या वाटीचं घरी कधी बोललो नव्हतो; तूच कधी बोलला असशील, असं मी त्याला विचारून पाहिलं. पण इंजिनाला अशी वाटी असते हे अण्णाला स्वतःलाच माहीत नव्हतं. त्यानं कधी बोनेट उघडलं नव्हतं, ते माझं काम. मग त्यानं नाडा खाली ठेवला आणि लहान मुलासारखं विचारलं, "आवाज कसा हुता रं तिचा?"

"नेहमीसारखाच, अण्णा."

"आणिक काय म्हणली? माझं काय म्हणली?"

आयुष्यात मी गिऱ्हाइकाला कधी खोटं सांगितलं नाही. भावाला सांगितलं. म्हणालो, "म्हणाली, ह्यांना सांगा, उन्हात बसू नका. सावलीला बसा."

अण्णाचा चेहरा बदलला. रडता रडता हसला तो. "तिचंच हे बोलणं. तिचंच." आणि खरंच उठला, बांधावरच्या आंब्याखाली जाऊन बसला. पुढे मरेपर्यंत, किती का काम पडेना, दुपारी तो औत सोडून त्या आंब्याखाली बसायचा. दुसरं लग्न केलं नाही. लोक त्याला आळशी म्हणायचे आणि तो हसायचा. मी त्याला खरं कधी सांगितलं नाही. आता तो नाही, म्हणून इथे लिहिलं.

वाचा गेलेल्या बाईचा आवाज मला कसा ऐकू आला, तो अण्णाला का आला नाही, आणि न पाहिलेल्या वाटीचं तिला कुणी सांगितलं, हे मला माहीत नाही. कुणी म्हणेल, तुमच्याच मनातलं बोललं. पण ते माझ्या मनात असतं तर मी पाणी ओतलं नसतं का?

एकच गोष्ट मला कळते असं वाटतं. ती अण्णाशी का बोलली नाही, याचं मला वर्षानुवर्षं वाईट वाटायचं. शेवटच्या शब्दांवर हक्क नवऱ्याचा, ते तिनं मोटारीवर का घालवावेत? पण ते शेवटचे शब्द नव्हतेच. निरोप द्यायला ती बोललीच नव्हती. तिला जगायचं होतं, आणि त्या रस्त्यावर ते माझ्या हातात होतं, म्हणून ती माझ्याशी बोलली.