केळं तेवढं चालतं

दयानंद आइंडहोवनला स्थायिक होऊन बरीच वर्षं झाली होती. नेदरलँड्समधलं हे सपाट, सायकलींचं शहर त्याला मानवलं होतं. मूळचा तो रेणापूरजवळच्या एका गावचा, शेषेरावांचा थोरला. लातूरला बारावी, मग इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी आणि तिथून तिकडे. बायको मुग्धा लातूरचीच, मास्तरांची मुलगी. वडील वारल्यावर गावात आई, केवळाबाई, आणि शेती बघणारा चुलतभाऊ सत्यम एवढेच राहिले होते.

दयानंदला लिहायची हौस होती. लातूरच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत तो महिन्यातून दोनदा लिहायचा. तिकडची थंडी, तिकडचे शेजारी, ट्रेनमध्ये भेटलेली माणसं. लोक आवडीनं वाचायचे. गावाकडच्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर लेख आला की हात जोडल्याच्या आणि फुलांच्या चित्रांची रांग लागायची. सगळ्यात गाजला तो पाण्याच्या नळावरचा लेख. स्टेशनवर पाण्याचा एक सार्वजनिक नळ आहे. तिथं एक सुटातला साहेब, झाडू मारणारी बाई आणि आपण, असे एकामागून एक पाणी प्यालो, कुणाला काही वाटलं नाही, तिकडं कुणी कुणाची जात विचारत नाही, असं त्यानं लिहिलं होतं. शेवटी गावाबद्दलही चांगलं लिहिलं होतं. आमच्याकडे पूर्वी काही लोकांसाठी वळचणीला वेगळी कपबशी खोचलेली असायची, ती आता कुठल्याच घरात दिसत नाही, गाव बदललं, असं.

त्या लेखावर बसवंतनं काहीच कळवलं नव्हतं. बसवंत त्याचा शाळेतला बाकावरचा सोबती. मातंग समाजातला. त्याची आई तुळजाबाई शेषेरावांच्या शेतात खुरपायला असायची. बसवंत शिकला, नांदेडला हायस्कुलात गणिताचा शिक्षक झाला आणि तरोड्याकडं त्यानं छोटं घर बांधलं. तोच यंदा दिवाळीच्या सुट्टीत दयानंद गावी आल्याचं कळल्यावर फोन करून म्हणाला, "आरतीचं नर्सिंग झालंय. तिला जर्मनीला जायचं हाय म्हणती. भाषेचा क्लास लावलाय. तू एकदा येऊन बोलतोस का पोरीशी? आम्हाला कोण सांगणार दुसरं?"

"येतो की. त्यात काय विचारायचं?" दयानंद म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं.

मागच्या खेपेला दयानंदला गावात कावीळ झाली होती. सगळी सुट्टी लातूरच्या दवाखान्यात गेली होती. या वेळी एकटाच यायचं ठरल्यावर मुग्धानं त्याला बजावलं होतं, बाहेरचं पाणी नाही, बाहेरचं जेवण नाही, फळ खायचं तर सोलून. तिनं भरून दिलेली फिल्टरची स्टीलची बाटली तो कुठंही गेला तरी खांद्याला अडकवलेली असायची.

सत्यमनं गाडी काढली. अहमदपूर ओलांडून लोह्याला दोघांनी चहा घेतला. उकळलेला आहे म्हणून दयानंदनं तो निर्धास्त घेतला. नांदेडला पोचले तेव्हा बसवंत गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा होता. घर सारवल्यासारखं स्वच्छ. भिंतीवर आरतीचा पदवीचा फोटो. तुळजाबाई नवं लुगडं नेसून दारात उभी होती. तिनं दयानंदच्या तोंडावरून हात फिरवला नाही, लांबूनच कडाकडा बोटं मोडली.

आरतीनं तांब्या-पेला आणला. दयानंदनं हसून बाटली दाखवली. "माझं आहे बघ सोबत."

चहाचं विचारलं. "आत्ताच झाला लोह्याला. पित्त होतं मला."

तुळजाबाई पहाटेपासून खपली होती. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. ताट समोर आलं तसा दयानंद अवघडला. "मागच्या वेळी फार आजारी पडलो हो. डॉक्टरांनी बाहेरचं बंदच केलंय. राग मानू नका."

"न्हाई न्हाई, राग कशाचा?" तुळजाबाई पटकन म्हणाली आणि ताट स्वतःच उचलून आत घेऊन गेली. येताना केळ्यांची फणी घेऊन आली. "अर्धापूरची हायेत. केळं तेवढं चालतं की न्हाई?"

"केळं चालतं," दयानंद म्हणाला. त्यानं एक सोलून खाल्लं. सत्यमनंही एक खाल्लं.

मग तो आरतीशी खूप वेळ बोलला. मुलाखतीत काय विचारतात, खोली कशी शोधायची, थंडीत कसे कपडे लागतात. पोरगी हुशार होती, नेमके प्रश्न विचारत होती. बसवंत मात्र एरवीसारखा गप्पा मारत नव्हता. दयानंदला वाटलं, मुलगी लांब जाणार म्हणून बाप हळवा झालाय. निघताना त्यानं आरतीला चॉकलेटचा डबा दिला, फोटो काढला आणि गाडीत बसला.

गाडी नांदेडबाहेर पडली तेव्हा सत्यम म्हणाला, "दादा, तू लई भारी केलंस."

"काय भारी?"

"बाटलीचं. आमाला असलं जमत न्हाई बघ. न्हाई म्हणलं की समोरच्याचं तोंड उतरतंय, मग कायतरी खोटं सांगावं लागतंय. तू कसं डॉक्टरवर ढकललंस. त्यान्ला बी वाईट वाटलं न्हाई अन् आपलं बी राहिलं."

दयानंदला क्षणभर काही उमजेना. "सत्यम, मला खरंच कावीळ झाली होती. तूच तर दवाखान्यात डबा आणत होतास."

"ते हाय की. म्हणून तर पटतंय." सत्यम मोकळेपणानं हसला. "अन् केळं खाल्लंस ते बी बरं केलंस. सोलून खायाच्याला काय न्हाई. मी बी तेच खाल्लं."

दयानंदनं खांद्यावरची बाटली काढून मांडीवर घेतली. मुग्धानं घालून दिलेला नियम आणि त्याच्या आजोबांनी जातीसाठी पाळलेला नियम एकच निघाला होता. पाणी नको, शिजवलेलं नको, सोललेलं फळ चालेल. त्याच्याकडे प्रत्येक नकाराला खरं कारण होतं. पण त्या घरात बसलेल्या म्हातारीनं जन्मभर असेच नकार ऐकले होते आणि तेही कारणांसकट ऐकले होते.

"गाडी वळव," असं म्हणावं असं त्याच्या जिभेवर आलं होतं. लोहा जवळ आलं होतं. पण परत जाऊन सांगायचं काय? सत्यमनं गाणी लावली.

घरी आल्यावर केवळाबाईनं विचारलं, "काय म्हणतोय बसवंता?" आणि चहा टाकला. दयानंद स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला. मांडणीवर स्टीलच्या कपांची ओळ होती आणि कोपऱ्यात कागदी कपांचा एक लांबडा पुडा होता. तो पुडा त्यानं दर खेपेला पाहिला होता. या खेपेला त्यानं विचारलं, "आई, हे कप कशाला?"

"पाव्हण्यारावळ्यान्ला."

"परवा मामा आले होते त्यांना तर स्टीलमध्ये दिलास."

केवळाबाई चहा गाळत राहिली. "बसवंता येतो, वस्तीवरचे येतात. त्यान्ला द्यायला. पैलं कान तुटलेला कप राहायचा, त्यापरीस हे बरं हाय ना? नवा कोरा. ते बी काय म्हणत न्हाईत, आपल्याला बी काय न्हाई."

बसवंत शेषेरावांच्या दिवसांना आला होता तेव्हा ओट्यावर बसून कागदी कपातून चहा पीत होता. दयानंद त्याच्या शेजारीच बसलेला होता, स्वतःच्या हातात स्टीलचा कप घेऊन. त्यानंतर आइंडहोवनला परत जाऊन त्यानं तो नळाचा लेख लिहिला होता. वळचणीची कपबशी गेली, गाव बदललं. लेख छापून आला, लोकांनी फुलं पाठवली. आता त्याला तो लेख जिथं जिथं पोचला असेल तिथून गोळा करून आणावासा वाटू लागला. बसवंतनं तो वाचला असणार, यात शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं बसवंतला फोन केला. "अरे, काल माझं जे पाण्याचं झालं ना..."

"काय न्हाई रे," बसवंत लगेच म्हणाला. "आईला सवय हाय."

आवाजात राग असता तर दयानंद भांडला असता, समजावून सांगितलं असतं. पण बसवंत अगदी साधेपणानं बोलला होता.

त्या आठवड्यात तो एसटीनं एकटाच नांदेडला गेला. सत्यमला सांगितलं नाही. बाटली घरीच ठेवली. दुपारची वेळ होती, बसवंत बाजारात गेला होता. दार आरतीनं उघडलं. "या काका," म्हणाली, पण परवाचं हसू नव्हतं. तुळजाबाई तूर निवडत बसली होती. त्याला बघून गडबडीनं उठायला लागली.

"बसा मावशी," दयानंद म्हणाला. लहानपणी तो तिला घरातल्या सगळ्यांसारखा नुसता 'तुळजे' म्हणायचा, हे त्याला म्हणता म्हणता आठवलं. "पाणी द्या मला. उन्हातनं आलोय."

तुळजाबाई गोंधळली. त्याच्या रिकाम्या खांद्याकडे तिनं बघितलं. "आरते, जा पळ, दुकानातनं सीलबंद बाटली आण."

"नको. माठातलं द्या."

"आवो पोटाला बाधंल तुमच्या. लांबचा प्रवास हाय पुढं. आमच्या पाण्यानं आजारी पडले म्हणून नाव नको आमाला."

आरतीनं माठातून पेला भरला आणि त्याच्या पुढ्यात धरला. तो प्यायला. दोघी बघत होत्या. आपण पाणी पीत नसून परीक्षा देतोय असं त्याला वाटलं, आणि ही परीक्षा आपणच मांडलीय हेही.

बसवंत आला तेव्हा पेला अजून त्याच्या हातातच होता. बसवंतनं चपला काढल्या, पेल्याकडे पाहिलं, खुर्ची ओढली.

"एवढ्यासाठी आलास?"

"माफी मागायला आलोय."

"कशाची? तू आजारी होतास, मला ठाऊक हाय. खोटं बोलला न्हाईस तू." बसवंतनं चष्मा पुसला. "मी फोनवर आटोपतं घेतलं ते तुझ्यामुळं न्हाई. तू गेल्यावर आई काय म्हणली सांगू? म्हणली, मालक एवढे परदेशात राहिले, पण घरचं वळण सोडलं न्हाई. कौतुकानं म्हणली रे. तुझं कौतुक केलं तिनं, आरतीसमोर."

तुळजाबाई खाली बघून तूर निवडत होती. "मग? चांगलंच म्हणले की," ती पुटपुटली.

रागावली असती तर बरं, असं दयानंदला वाटलं. तिनं त्याला शाबासकी दिली होती, सत्यमनं दिली होती तशीच आणि त्याच गोष्टीसाठी.

आरती इतका वेळ दाराला टेकून उभी होती. ती म्हणाली, "काका, एक विचारू? तुम्ही लिहिलं होतं, तिकडं कुणी कुणाची जात विचारत नाही. खरं हाय का ते? मला खरं सांगा. मला तिथं राहायचं हाय."

आइंडहोवनच्या मराठी मंडळाचा गणपती दयानंदला दिसायला लागला. नवं जोडपं आलं की आधी आडनाव, मग गाव, आडनावावरून कळलं नाही तर मग 'गावात घर कुठल्या बाजूला?' हे सगळं तो पाहत आला होता. एका मुलाला तर त्यानं स्वतःच विचारलं होतं. उत्तर ऐकून तो 'अच्छा अच्छा' म्हणाला होता, आणि पुढच्या वेळी त्या मुलाला घरी जेवायला बोलवायचं राहून गेलं होतं. यातलं काही त्यानं कधी लिहिलं नव्हतं.

"तिकडची माणसं विचारत नाहीत," तो म्हणाला. "आपली विचारतात."

"तुम्ही?"

"मीपण विचारलंय."

मग आरती म्हणाली, "बरं. माहीत असलेलं बरं." आणि चहा टाकायला आत गेली. चहा झाला. बसवंतनं शाळेतल्या गोष्टी काढल्या. दयानंदनं दोन धपाटे खाल्ले, पण मोकळं होऊन कुणालाच बोलता आलं नाही. बसस्टँडपर्यंत बसवंत सोडायला आला. म्हणाला, "आलास ते बरं केलंस. पण दरवेळी येऊन पाणी पिऊन दाखवू नको. मला अवघडल्यासारखं होतंय."

गावी परतल्यावर दयानंद आईला म्हणाला, "पुढच्या खेपेला बसवंत आला की आत बसवायचा. आपल्या कपात द्यायचा चहा."

केवळाबाई निवांतपणे ऐकत होती. "देईन की. मला काय धाड भरलीय? पण तू परवा इमानात बसशील. मग भावकी दारात येऊन मला इचारंल. तवा कोण बोलणार? तू लेख लिहिशील?"

सत्यमपाशी त्यानं विषय काढला, तेव्हा सत्यम ऐकून घेऊन म्हणाला, "दादा, तुझं तिकडं ठीक हाय," आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

सुट्टी संपली. हैदराबादहून विमान धरून तो परत आला. पुरवणीच्या संपादकांचा फोन आला, गावाकडच्या दिवाळीवर काही पाठवता का म्हणून. त्याला गावाबद्दल लिहायला बसता येईना आणि तिकडच्याबद्दल लिहायची लाज वाटू लागली. कामाचं कारण सांगून त्यानं लिहिणं थांबवलं. खरं कारण संपादकांनाही सांगितलं नाही. मुग्धाला मात्र सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या घरी तरी कुठं वेगळं होतं? आम्ही शहरातले, म्हणून दिसत नव्हतं एवढंच."

आरतीच्या मुलाखतीची तयारी त्यानं रविवारी फोनवरून सुरू केली. ती वेळेवर फोन करायची, कामापुरतं बोलायची, आभार मानायची. उन्हाळ्यात तिचं कोलोनच्या एका रुग्णालयात काम ठरलं. त्या दिवशी तिचा आवाज मोकळा होता. दयानंद म्हणाला, "कोलोन आमच्यापासून जवळच आहे. गणपतीला ये. मंडळात सगळ्यांशी ओळख करून देतो तुझी."

"येईन काका," आरती म्हणाली, आणि जरा थांबून, "पण ओळख माझी मीच करून देईन. तुम्ही नका करू."

"बरं," तो म्हणाला. पलीकडून तुळजाबाई जर्मनीत शेंगदाणे मिळतात का ते विचारत होती. मिळतात, असं त्यानं सांगितलं.