दुपारी न बोलणारा

ये, जवळ बस. आल्या आल्या उकाड्याची कुरकुर काय गं? जळगावचं ऊन पहिल्यांदा बघतेस का? समोरच्या मारवाडी कापडवाल्याकडून शिक जरा. तो भिंतीच्या सावलीनं चालतो आणि दुपारी बोलतच नाही. म्हणतो, "अक्का, तोंड उघडलं की पाणी उडतं." संध्याकाळी मात्र त्याला आवरणं कठीण!

गेल्या महिन्यात तुझ्या आजोबांच्या डाळिंबाची सगळी पानं गळाली. वाळलं म्हणून तोडायला मी कोयता उचलला, तर हा भर दुपारी अनवाणी धावत आला. "थांबा अक्का! मेलं नाही ते, पाणी राखतंय. आमच्या वाळवंटात झाडं अशीच जगतात." नखानं साल खरवडली, तर आत हिरवीगार.

मी तांब्याभर पाणी दिलं. अर्धं प्यायला, अर्धं मुळाशी ओतलं.

पालवी आलीय बघ. फुलं धरली की परत ये, उन्हाची सबब चालणार नाही.