फक्त गिटार

आमच्या घरात एक कॅसेट आहे. तिच्यावर निळ्या बॉलपेनने लिहिलंय, 'फक्त गिटार'. लग्न होऊन मी डोंबिवलीत आले तेव्हा ती आधीपासून घरात होती, त्यामुळे मानाने ती माझ्याहून मोठी. ह्यांना ती विठ्ठलवाडीच्या मित्राने भरून दिली होती. मित्राचा मामा बोटीवर नोकरीला होता, त्याने परदेशातून एक रेकॉर्ड आणली. एकच माणूस, एकच गिटार, ना गाणं, ना तबला. मित्राकडे रेकॉर्ड प्लेअर होता आणि टेपरेकॉर्डरही होता, पण दोन्ही जोडायची वायर नव्हती. मग त्याने स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवला, घरच्यांना गप्प बसायची ताकीद दिली आणि रेकॉर्ड लावली. तेव्हा सगळे असंच करायचे. तरी एका तुकड्याच्या शेवटी कुकरची शिट्टी ऐकू येते, आणि त्याच्या पुढच्या तुकड्यात लांबून एक बारीक आवाज विचारतो, "चहा टाकू का रे?" ती मित्राची धाकटी बहीण, असं आम्ही धरून चाललो होतो. इतक्या लहान मुलीला चहा करता येतो याचं माझ्या सासूबाईंना फार कौतुक होतं.

त्या वाजवण्याचं मात्र त्यांना कौतुक नव्हतं. माझ्यासमोर पहिल्यांदा टेप लागली तेव्हा त्या मेथीची जुडी घेऊन बसल्या होत्या, आणि आता कोणीतरी म्हणायला सुरुवात करेल म्हणून वाट बघत होत्या. मेथी निवडून झाली, कॅसेटची एक बाजू संपली. "गवई आलाच नाही वाटतं," म्हणाल्या आणि आत गेल्या. मीही तेव्हा त्यांच्याच पक्षात होते. मला शब्द लागायचे. शाळेत मराठी शिकवणारी बाई मी, नुसत्या टिंगटिंगीत काय ऐकायचं ते मला कळेना.

मुलगी तान्ही होती तेव्हा ते कळलं. दुपारी मी पायाने पाळण्याची दोरी ओढत ताटात तांदूळ निवडत होते आणि हे पहिल्या पाळीहून येऊन, जेवून, टेप लावून बसले होते. मी विचारलं, की ह्याच्याबरोबर दुसरा कोण वाजवतोय? हे म्हणाले, दुसरा कोणी नाही. अंगठा जाड तारांवर एका लयीत चालत राहतो आणि बाकीची बोटं बारीक तारांवर गाणं म्हणतात. मी माझ्या पायाकडे पाहिलं. तो आपला दोरी ओढत होता, माझं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. हात मात्र खडा दिसला की थांबत होता, मग पुढे जात होता. मी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. त्या दिवसापासून मला अंगठा वेगळा ऐकू यायला लागला, आणि तारेवरून बोट सरकताना होणारा किंचित चिरका आवाजही. एक माणूस एका खोलीत बसलाय आणि त्याला कोणाचीच सोबत नकोय, एवढंच त्यात होतं, आणि ते मला पुरायला लागलं. तुकड्यांची खरी नावं आम्हाला ठाऊक नव्हती. आम्ही आमची ठेवली. एक पाळण्याचं, एक कुकरचं. आणि सगळ्यात सुंदर, ज्याच्या मध्यावर ती पोर चहाचं विचारते, ते चहाचं.

हे ते सगळं ऐकून ऐकून गिटारवर बसवत होते. कोणी शिकवणारं नव्हतं. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत हे मीटर दुरुस्त करायचे. दाब आणि तापमान दाखवणारे काटे नेमके जागेवर आणणं हेच ह्यांचं काम. घरचं टेपचं मशीनही ह्यांनी त्याच निगुतीने राखलं होतं, दर दिवाळीला उघडून साफ व्हायचं. गिटारचा सूर हे टेपशी जुळवून लावायचे, आणि त्यात पहिली तार हटकून तुटायची. ठाण्याचा दुकानदार दर वेळी म्हणायचा, साहेब, एवढी ताणू नका. पण टेपशी जुळवायचं तर तेवढी ताणावीच लागायची. बाकीचे तुकडे कसेबसे हाताखाली आले. चहाचं मात्र मध्यापर्यंत जायचं आणि बोटं एकमेकांत अडखळायची. तो माणूस सुटायचा तो सुटायचाच, आणि हे मागे राहायचे.

सुरुवातीला हे मला विचारायचे, "कसं वाटलं?" मी म्हणायचे, मधे घसरलं. मला खोटं छान म्हणता येत नाही. वर्गातही कोणाला उगाच छान म्हटलं नाही, नवऱ्याला कुठून म्हणणार? पुढे ह्यांनी विचारणं सोडून दिलं. सोसायटीच्या गणपतीत लोक वाजवायचा आग्रह करायचे, तर ह्यांचं एकच उत्तर, "अजून बसलं नाही." अख्खी नोकरी संपली तरी तेच. लेकीसमोरसुद्धा कधी बैठक मारून वाजवलं नाही. तिने बापाची गिटार ऐकली ती बंद दाराआडून.

गेल्या वर्षी ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी पेपर धरताना, मग बशी धरताना. लेक नौपाड्यात राहते, तिने तिथल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं की हात नुसता ठेवू नका, बोटं चालती राहू द्या. हा आजार मागे फिरत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. परतताना रिक्षात हे उजवा हात डाव्या हाताखाली दाबून बसले होते. घरी आल्यावर ह्यांनी गिटार पुसली, कव्हरमध्ये घातली आणि लेकीला फोन लावला. तुझ्या इमारतीखाली गिटारचा क्लास आहे ना, त्यांना देऊन टाक, येत्या रविवारी येऊन घेऊन जा.

माझा पारा चढला. मी म्हटलं, डॉक्टर काय बोंबलून सांगत होते ते ऐकलंत का? बोटं चालती ठेवायचीत आणि तुम्ही गिटार काढताय घराबाहेर? हे शांतपणे म्हणाले, "हात चांगले होते तेव्हा जमलं नाही. आता काय जमणार?"

मी स्वयंपाकघरात निघून गेले. ह्या माणसाने आयुष्यात जिवापाड हवी म्हणून धरली ती एवढी एक गोष्ट, आणि आपल्याला ती जमली नाही हे मनात घेऊन हा आता थरथरत बसणार, ह्या विचाराने मला रडू आलं. कणीक मळता मळता रडले. दारात आलेल्या शेजारणीला कांद्याचं निमित्त सांगितलं, कांदा घरात नव्हता तरी.

ह्यांनी टेप लावणंही बंद केलं. मला वाटलं, निदान ऐकत तरी राहावं. आता सगळं फोनवर मिळतं म्हणतात, पण आम्हाला ना त्या माणसाचं नाव माहीत, ना रेकॉर्डचं. म्हणून मी विठ्ठलवाडीला फोन केला. मित्राचा प्लेअर केव्हाच भंगारात गेला होता, पण रेकॉर्ड कपाटात होती. त्याने वेष्टनाचा फोटो पाठवला. बिनहसरा, जाड बोटांचा एक माणूस, मांडीवर गिटार. नाव आता कळलं आहे, पण आमच्या तोंडात ते बसत नाही. आमच्यासाठी तो अजून 'तो माणूस'च आहे. लेकीने फोटोवरून शोधून सगळे तुकडे माझ्या फोनवर पाठवले, आणि मी गॅलरीत तुळशीला पाणी घालणाऱ्या ह्यांच्याजवळ जाऊन, कॅसेटच्या क्रमाने मोजून चहाचं लावलं.

हे क्षणभर ऐकून म्हणाले, "हे ते नाही. दुसऱ्या कोणीतरी वाजवलंय." मलाही तसंच वाटलं. चाल तीच, पण सूर खाली उतरलेला आणि सगळं कितीतरी सावकाश.

मी पुन्हा मित्राला फोन केला, ह्यांनाही ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. म्हटलं, भावजी, चुकीच्या रेकॉर्डचा फोटो पाठवलात, मला ती हवी, जी भरताना तुमच्या बहिणीने चहाचं विचारलं. तो म्हणाला, ह्या एकीशिवाय दुसरी परदेशी रेकॉर्ड घरात कधी आलीच नाही. मग म्हणाला, "आणि वहिनी, मला बहीण नाही."

मी कॅसेट काढली, मशीनमध्ये घातली आणि फोन स्पीकरजवळ धरला. बारीक आवाजाने विचारलं, चहा टाकू का रे. मित्राने पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. आणि म्हणाला, "ही आई आहे."

त्याची आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा आवाज त्याच्याकडे कुठेच नव्हता. मग तो म्हणाला, की बोलण्याची ढब तिचीच, पण आईचा आवाज असा नव्हता, चांगला भरदार होता, ही तर पाच वर्षांची पोर वाटते. आणि बोलता बोलता त्यालाच आठवलं. त्यांच्या टेपरेकॉर्डरमधला टेप फिरवणारा रबरी पट्टा त्या दिवसांत सैल झाला होता, रेकॉर्डिंग नीट होईना म्हणून पुढे तो बदलून आणला होता.

पुढचं ह्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनीच मला समजावलं. पट्टा सैल, म्हणजे भरताना टेप हळू सरकली. आमचं मशीन ती बरोबर वेगाने फिरवतं, म्हणून सगळं जलद आणि चढ्या सुरात वाजतं. बाईचा आवाज लहान मुलीचा होतो आणि गिटारवाला वाऱ्यासारखा सुटतो. कंपनीतला प्रत्येक काटा जागेवर आणणारा माणूस घरी येऊन चुकीच्या काट्यामागे धावत होता, आणि मशीन निगुतीने राखलं म्हणून तर ती चूक कधी कळलीच नाही.

मला वाटलं, हे हसतील. हे खुर्चीत बसले. "म्हणजे मी पळत होतो," म्हणाले, "आणि तो माणूस सावकाश वाजवत होता." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. मला त्या रबरी पट्ट्याचा असा राग आला की समोर असता तर कात्रीने तुकडे केले असते.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ह्यांनीच फोन मागितला. आम्ही सगळी रेकॉर्ड पहिल्यापासून ऐकली. आम्ही जे इतकी वर्षं खेळकर समजत होतो ते खेळकर नव्हतंच. पाळण्याचं तर मला ऐकवेना, इतकं ते उदास होतं. अंगठा कुठेही घाई करत नव्हता. प्रत्येक सूर वाजून, विरून जाईपर्यंत तो माणूस त्याच्याजवळ थांबत होता. मग चहाचं लागलं. मध्यावर, जिथे मित्राची आई विचारते तिथे, आम्ही दोघांनीही सवयीने मान वर केली. तिथे कोणी काही विचारलं नाही. तिथे तो माणूस क्षणभर थांबला होता. आमच्या कॅसेटमध्ये ती शांतता त्या माउलीच्या आवाजाखाली झाकली गेली होती.

ऐकून झाल्यावर हे उठले. गिटार कव्हरमधून काढली, खुंट्या पिळून एकेक तार सैल केली आणि फोनमधल्या सुराशी जुळवली. मी पेपर वाचल्यासारखं केलं. उजवा हात तारांवर येईपर्यंत थरथरत होता. वाजवायला लागल्यावर थरथर कमी झाली, गेली नाही. अंगठा चालू लागला. बोटं मागून आली, कुठे उशिरा, कुठे आलीच नाहीत, तरी अंगठा थांबला नाही आणि बोटं पुन्हा त्याला येऊन मिळाली. नेहमी घसरायचं ती जागा आली. हे तिथे थांबले, त्या माणसाइतकेच थांबले, आणि पुढे गेले. शेवटपर्यंत गेले. आमच्या घरात चहाचं शेवटपर्यंत गेलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मग कित्येक वर्षांनी ह्यांनी विचारलं, "कसं वाटलं?"

मी पेपर खाली ठेवला. "दोन ठिकाणी बोट सुटलं," मी म्हटलं. "पण बसलं."

हे माझ्याकडे बघत राहिले. मी उगाच म्हणत नाही हे ह्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? उजवा हात ह्यांनी गिटारच्या पोटावर टेकवला होता. तो परत थरथरायला लागला होता, आणि बोटांची ती टकटक लाकडातून मला ऐकू येत होती.

"लेकीला रविवारी येऊ दे," हे म्हणाले. "न्यायला नको म्हणावं. ऐकायला ये."