उजव्या हाताचा झरा

आमच्या घरात देव्हारा नाही आणि कधी नव्हता, हे आधी सांगून टाकते. माझे बाबा आर्णीच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. लिंबातून रक्त कसं काढतात, ते त्यांनी मला मी चौथीत असतानाच करून दाखवलं होतं. गावात कोणाच्या अंगात आलं तर बाबांना मुद्दाम कळू देत नसत, कारण ते पोचले की अंगातलं लगेच उतरायचं! अशा माणसाची मी मुलगी. या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी वाचायचे ते टाइमपास म्हणून, आणि प्रत्येकाचा खुलासा मनातल्या मनात करून टाकायचे. आज स्वतःच लिहायला बसले आहे, आणि खुलासा काही सापडत नाही...

माझा विषय थोडा वेगळा आहे. नागपूरला इतिहास आणि पाली केल्यावर मी स्कॉलरशिपवर युरोपातल्या एका युनिव्हर्सिटीत एम.ए.ला गेले. भूमध्य समुद्राच्या काठचे प्राचीन धर्म, भाषा आणि संस्कृती, असा तो कोर्स होता. ग्रीक, रोमन, इजिप्शियन, फिनिशियन — ज्यांना आता कोणी नारळ फोडत नाही असे सगळे देव. आर्णीत हे समजावून सांगणं कठीण. बस स्टँडवर कोणी विचारलं, "सर, पोरगी काय शिकून राह्यली तिकडं?" की बाबा म्हणायचे, "मेलेल्या देवायचा अभ्यास करते. जित्या देवायपेक्षा बरे हायत थे, काही मागत नाही."

पहिलं वर्ष माझं लॅटिनमध्ये आणि रोमन काळातल्या देवळांमध्ये गेलं. ग्रीक मी दुसऱ्या वर्षी घेतलं. हा क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून आत्ताच सांगितला.

पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत मी घरी आले होते. ऑगस्ट होता. बाबा रिटायर झालेले, तब्येत ठणठणीत. सकाळी ते अंगणात मोटरसायकलचा प्लग साफ करत बसले होते. आईने चहाला हाक मारली. ओ आली नाही म्हणून मी बाहेर जाऊन बघितलं, तर ते बसल्या जागीच कलंडले होते. प्लग हातातच होता.

शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही त्यांना यवतमाळला एका खाजगी दवाखान्यात नेलं. कॅज्युअल्टीत घेतलं आणि तिथेच त्यांचं हृदय थांबलं. दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टर छाती दाबताना दिसत होते, मग शॉक दिला, मग परत एकदा. आई बाहेर बाकावर बसून होती. ती रडत नव्हती, माझी ओढणी मुठीत धरून बसली होती. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "आले परत."

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना आयसीयूत सोडलं. बाबा थकलेले होते, पण पूर्ण शुद्धीत होते. डॉक्टरांच्या प्रश्नांना नीट उत्तरं दिली, सलाइन कोणतं चाललंय तेही नर्सला विचारून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "प्रज्ञा, गंमत झाली लेका."

"काय गंमत?"

"मी एका वाटेनं चाललो होतो. अंधारं होतं, पन दिसत होतं सारं. उजव्या हाताले एक झरा होता. त्याच्यापाशी झाड... आपल्या शाळेत अशोक हाय ना उभाच्या उभा, तसं. पन पांढरं. खोडबी पांढरं अन् पानंबी पांढरी."

आई म्हणाली, "बोलू नका लय."

"बोलू दे. लय लोक पानी पिऊन राह्यले होते तिथं. मलेबी तहान लागली होती, घसा सुकला होता पार. पन मी थांबलो नाही."

"काहून?" मी विचारलं.

"जो पिऊन उठे ना, त्याच्या चेहऱ्यावर ओळखच राहे नाही. कोरा चेहरा. मले नाही आवडलं थे. मंग पुढं गेलो, तं एक तळं लागलं. दोन राखनदार उभे. मले म्हनते, कोन होय तू? इकडं कायले आला?"

"मग?"

बाबा हसले. "मी म्हटलं, मातीचा होय अन् आभाळाचा होय. तहान लागली, पानी द्या. आता आभाळाचा कायले म्हटलं काय मालूम! थे पानी देतच होते, तं कोनीतरी माह्या छातीत लाथ मारली. डोळे उघडले तं हा डॉक्टर."

लगेच त्यांनीच खुलासाही केला. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की मेंदू असे पिक्चर दाखवतो, त्यात काही विशेष नाही. आई म्हणाली, "तुमच्या पिक्चरमधी आमी होतो का?" बाबा म्हणाले, "इंटरवलच्या आधी तं नव्हत्या." नर्सलाही हसू आलं.

माझ्या दृष्टीने विषय तिथे संपला. बाबा घरी आले, पथ्य-औषधं सुरू झाली, मी परत गेले. तहान, पाणी, वाट... बेशुद्धीत माणसाला हे दिसणं स्वाभाविक आहे, एवढाच विचार मी केला होता.

त्या हिवाळ्यात आम्हाला मृत्यूविषयीच्या विधींचा एक सेमिनार होता. शिकवणाऱ्या प्राध्यापक बाई वयस्क होत्या, हळू बोलायच्या. त्यांनी स्क्रीनवर एक फोटो लावला. सोन्याचा कागदासारखा पातळ पत्रा, हाताच्या तळव्यात मावेल एवढा, त्यावर खरवडलेली बारीक ग्रीक अक्षरं. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी दक्षिण इटलीत आणि ग्रीसमध्ये काही लोकांच्या प्रेताबरोबर असे पत्रे पुरायचे. मेल्यावर रस्ता चुकू नये म्हणून त्यावर सूचना लिहिलेल्या असायच्या. बाईंनी मजकूर वाटला आणि प्रत्येकाला एकेक ओळ भाषांतर करायला सांगितली.

माझं ग्रीक तेव्हा नवं होतं. एकेका शब्दाला अडखळत होते, त्यामुळे आधी अर्थाकडे लक्षच नव्हतं. पहिल्या मुलाने वाचलं : उजवीकडे तुला एक झरा लागेल, त्याच्याजवळ पांढरा सायप्रस उभा असेल. सायप्रस म्हणजे सरळ उभं वाढणारं, निमुळतं झाड. पुढच्या मुलीने वाचलं, या झऱ्याच्या जवळही जाऊ नकोस. त्यानंतर स्मृतीच्या तळ्याचं थंड पाणी आणि समोर उभे राखणदार आले. ते विचारतील, या अंधारात काय शोधतोस?

माझी ओळ त्यापुढची होती, मेलेल्या माणसाने द्यायच्या उत्तराची. मी पृथ्वीचं लेकरू आहे आणि ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाचं. तहानेने माझा जीव चालला आहे. मला पाणी द्या.

मी 'पृथ्वी'पर्यंत आले आणि पुढचा शब्द डिक्शनरीत न बघता मला कळला.

बाईंना वाटलं मी व्याकरणात अडकले. त्यांनी मदत केली, मी ओळ पूर्ण केली आणि खाली बसले. पुढचा तास काय शिकवलं ते मला आठवत नाही.

होस्टेलवर आल्यावर पहिला विचार आला तो असा, की आपली स्मरणशक्तीच आपल्याला फसवत असणार. आत्ता वाचलेलं आपण बाबांच्या तोंडी घातलं असणार. म्हणून बाबांना न विचारता मी आधी आईला फोन केला. काही न सुचवता विचारलं, "आई, बाबा आयसीयूत काय सांगत होते, आठवते का तुले?"

"आठवते तं. पांढरं झाड होतं म्हने. लोक पानी पिऊन राह्यले होते, हे पेले नाही. मंग तळं. कोन होय म्हटलं तं म्हने, मातीचा अन् आभाळाचा. काहून, काय झालं?"

"काही नाही."

नंतर मी बरीच शोधाशोध केली. आमच्या घरी पुस्तकं खूप आहेत, पण सगळी मराठी, पालीची किंवा विज्ञानाची. ग्रीसबद्दल एकही नाही. बाबांच्या फोनवर बुद्धिबळ आणि शेतीचे व्हिडिओ. पहिल्या वर्षी एखाद्या लेक्चरमध्ये या पत्र्यांचा ओझरता उल्लेख झाला असेल आणि मी तो बोलता बोलता बाबांना सांगितला असेल, हे शक्य आहे. मला तरी आठवत नाही. शिवाय ओझरत्या उल्लेखात राखणदारांचा प्रश्न आणि त्याचं उत्तर येत नाही. काही पत्र्यांवर तो झरा डावीकडे आहे, काहींवर उजवीकडे. म्हणजे त्या काळच्या लोकांचंही यावर एकमत नव्हतं. बाबा उजवीकडे म्हणाले होते.

प्राध्यापक बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की तहान, वाट, झाड, पहारेकरी या गोष्टी माणसाला कुठेही सुचू शकतात, एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. मलाही ते पटलं. निघताना दारापर्यंत येऊन त्यांनी विचारलं, "तुझे वडील घाबरले होते का तिथे?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.

शेवटी व्हिडिओ कॉलवर बाबांनाही सांगितलं, आई त्यांच्या शेजारीच बसली होती. पत्र्याचा फोटो दाखवला, ओळी मराठीत करून वाचल्या. त्यांनी चष्मा काढला. मग तो पुसत म्हणाले, "म्हनजे थ्या काळातबी लोकायले ऑक्सिजन कमीच पडे म्हन."

यावर आम्ही दोघंही खूप हसलो. हा विषय बाबांनी नंतर कधी काढला नाही आणि मीही नाही. थिसिससाठी बाईंनी ते पत्रे सुचवले होते, मी दुसराच विषय घेतला.

कोर्स संपवून मी घरी आले तेव्हा बाबांचं हृदय फारच अशक्त झालं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता घरीच ठेवा. डिसेंबर होता, गावात कापसाची वेचणी चालू होती, त्यामुळे दुपारी गल्लीत कोणी नसायचं. त्या दुपारी बाबांचा श्वास बदलला. डोळे मिटलेले, हाक मारली तर पापणी तेवढी हलायची.

मी त्यांच्या उशाशी बसले होते. काय करायचं हे मला माहीत होतं, आणि तेच नको वाटत होतं. माझा विश्वास नव्हता. बाबांचा तर नव्हताच. विश्वास नसताना असं काही करणं म्हणजे त्यांनी आयुष्यभर जे खोडून काढलं, तेच त्यांच्या उशाशी करणं. पण समजा... एवढंच मनात आलं. समजा, आणि आपण सांगितलंच नाही तर?

मी वाकले आणि त्यांच्या कानात म्हटलं, "बाबा, उजव्या हाताले झरा लागन. तिथं थांबू नका. पुढं तळं हाय. विचारलं तं सांगा, मातीचा होय अन् आभाळाचा होय."

या वेळी त्यांची पापणीही हलली नाही.

मान वर केली तर आई दारात उभी होती. तिच्या हातात पाण्याने ओला केलेला कापूस होता, त्यांच्या ओठांना लावायला आणलेला.

"काय सांगितलं कानात?" तिने विचारलं.

"रस्ता."

ती पलीकडे येऊन बसली. बाबांचे ओठ ओले केले. मग म्हणाली, "थ्या तुह्या ग्रीकमधी सांगितला का आपल्या भाषेत?"

"आपल्या."

"मंग ठीक हाय," आई म्हणाली. "समजन त्यायले."

बाबा त्या दिवशी संध्याकाळी गेले. त्रिशरण-पंचशील झालं, शाळेतले जुने विद्यार्थी आले, सगळं रीतसर पार पडलं. आर्णीतल्या एका सायन्सच्या मास्तरांना ती वाट आणि ते उत्तर कुठून मिळालं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. माझ्या सांगण्याचा त्यांना काही उपयोग झाला का, हे कळण्याचा तर मार्गच नाही. आई मात्र ते कोणालाही सहज सांगते, पोरीनं वेळेवर रस्ता सांगितला म्हणून. मी तिला थांबवत नाही.